कानसेनला न ऐकू आलेली शिट्टी

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत. बायकोसुद्धा म्हणे, पण भांडण झालं की. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा हा माणूस दोष शोधायच्या मीटरला लांबच्या पाहुण्यासारखं वागवी. टेबलावर मानाने बसवी, पण घरातलं काही विचारत नसे. इनपुटच्या तारेला बोट लावायचं, स्पीकर कसा ‘घूं’ करतो ते ऐकायचं आणि डोळे मिटून सांगायचं, "कंडेन्सर गेलाय." गेलेलाच असे. कान होते म्हणून दुकान होतं.

तर एकदा गाणं शिकवणाऱ्या बाई दुरुस्त करून नेलेला अ‍ॅम्प्लिफायर परत घेऊन आल्या. स्टुलावर टेकत म्हणाल्या, "मिस्त्री, घरघर गेली, पण आता बारीक शिट्टी येतेय."

"मशीनमधूनच ना? नीट बघा बाई, खिडकीखालून कोणी तुमच्यासाठी मारत असेल."

"या वयात? तुमच्या तोंडात साखर पडो!"

त्याने बटण दाबलं, बोट लावलं. घूं आलं. "ऐका. ठणठणीत आहे."

"अहो, आत्ता वाजतेय की!"

कानसेनने स्पीकरच्या जाळीला कान लावला. शिट्टीचं नाव नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या केशकर्तनालयाचा रेडिओही याच तक्रारीने परत आला होता. त्या न्हाव्याला त्याने वेड्यात काढून वाटेला लावलं होतं. आता त्याने दुसरा कान लावून पाहिला.

तेवढ्यात मागच्या खोलीतून बायको हात पुसत आली. "अहो, ती शिट्टी बंद करा आधी! कानात सुई घातल्यासारखं होतंय."

बाईंच्या कानाला फाजील तयार म्हणता आलं असतं. बायकोच्या कानाला काय म्हणणार?

तो हळूच म्हणाला, "जरा इथे उभी राहा. मी तारा हलवतो, तू सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"आहे की गेली, एवढंच सांग."

"आणि तुम्ही?"

त्याने झाकण काढलं आणि लाकडी काडीने एकेक तार बाजूला सारायला घेतली.

"आहे... आहे... अगंबाई, वाढली... थांबा, गेली!"

सापडलं. कंडेन्सर बदलताना त्याने हौसेने सगळ्या तारा वेणीसारख्या आवळून बांधल्या होत्या. स्पीकरची तार माइकच्या तारेला चिकटली आणि बाहेर जाणारा आवाज मागल्या दाराने पुन्हा आत शिरू लागला. शिट्टी त्याच्याच हातची होती, आणि ऐकू आली नाही तीही त्यालाच.

त्याने वेणी सोडली, झाकण बसवलं. बायको त्याच्याकडे बघत होती, तो स्क्रूकडे.

"बाई," तो म्हणाला, "हे जरा आपल्यातच..."

"छे हो! माझ्या तोंडून कशाला निघेल?"

बाईंनी मशीन उचललं. गळा जपायचा म्हणून एरवी कुजबुजल्यागत बोलणाऱ्या त्या बाई दारात वळल्या आणि नदीपल्याडच्या माणसाला हाक मारावी तशा, एकेक शब्द तोडून ओरडल्या, "येते... हं... मिस्त्री!"

समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून मान वर केली.