शालनवन्संचा खड्डा

जेवणं उरकून, ओटा पुसून कुंदा दिवाणावर आडवी होते ती नुसती पाठ टेकायला. झोपायचं तिला कधीच नसतं. बाहेर श्रावणातलं मळभ, पोटात वालाचं बिरडं. पेपर छातीवर उलटा पडतो आणि पंख्याचा आवाज हळूहळू पाण्याचा होऊ लागतो.

"पाय जरा सरकव गं."

दिवाणाच्या कडेला शालनवन्सं बसल्यात. मोठी नणंद. जाऊन वर्ष उलटलं, पण पदर तसाच खोचलेला आणि पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. कुंदाला भीती वाटायला हवी, पण मनात आधी येते ती चादर. आजच धुतलीय.

"वन्सं, चहा टाकू?"

"नको. घशाखाली काही उतरत नाही हल्ली."

कुंदा तरी भांडं घेऊन मोरीकडे वळते. मोरी तुंबलेली. ती वाकून बघते तर मोरी नाहीच, सोसायटीचा खालचा कोपरा आहे, आणि पायाखाली पार्किंगची ओली फरशी.

इथला खड्डा वन्संचा. टेकडीवरून येणारं पाणी, गच्च्यांचे पाइप, सगळं त्यांनी भांडून भांडून इकडे वळवलेलं. तळाला विटांचे तुकडे आणि खडी, वर वाळू, माती, त्यात वाळा आणि कर्दळ. केवढाही पाऊस येवो, पाणी बघता बघता जमिनीत गडप. त्याआधी दर पावसाळ्यात शेजारच्या तळघरात, सरोजताईंच्या पाळणाघरात पाणी शिरायचं. खड्डा झाल्यापासून एकदाही नाही. 'शालनबाईंचा उकिरडा' म्हणून हसणारे गप्प बसले. वन्सं गेल्यावर त्यांची आठवण म्हणून या उन्हाळ्यात कुंदाने खड्डा सजवला. कडेने फरशी, आत कमळं, वर संगमरवरी पाटी. यंदा आतापर्यंत पावसाची नुसती भुरभुर, त्यामुळे तळं कसं चित्रातल्यासारखं दिसतंय.

"पाटी झकास आहे," वन्सं म्हणतात. "जिवंतपणी एवढ्या मोठ्या अक्षरात कुणी हाक मारली नव्हती."

"तुमच्यासाठीच केलं हो सगळं. गौरींना घरची कमळं होतील."

"होतील की. पण पाणी कसं टिकतं गं त्यांना? माझ्या खड्ड्यात थेंब राहायचा नाही."

"खाली ताडपत्री घातलीय ना!" कुंदा कौतुकाने सांगते. "निळी, चांगली जाड. तुमच्या भावानेच आणली. एक थेंब खाली मुरेल तर शपथ..."

तिची नजर शेजारच्या तळघराकडे जाते.

वन्सं तोंड तेवढं उघडतात. आत जीभ नाही, दात नाहीत. निळं, गुळगुळीत, ताणून बसवलेलं काहीतरी आहे, आणि त्यावर पाणी साचलंय.

कुंदा मागे सरते तर पाठीला दार लागतं. पाळणाघराचं. आत पोरं ओळीने झोपलीत, कुंदाची नात इरा कोपऱ्यात, अंगठा तोंडात. दाराखालून पाणी येतंय, अजिबात आवाज न करता. एकेक सतरंजी जमिनीवरून सुटते आणि तरंगू लागते. इरा झोपेतच कूस बदलते. सतरंजी कलते.

"सरोजताई! अहो सरोजताई!"

"शू. पोरं उठतील," वन्सं म्हणतात. त्या उंबऱ्यात आडव्या बसल्यात, दोन्ही हातांनी दार धरून. पाणी त्यांच्या बोटांमधून येतंय. "कुंदे, मी मातीत मुरलेली बाई. किती वेळ धरू?"

"काय करू, सांगा ना!"

"तुझं तूच घातलंयस, तूच काढ. खुरपं कुठाय माझं?"

खुरपं कुंदाच्याच हातात आहे. ती तळ्यात आहे, छातीपर्यंत. कमळाचे देठ पायांना वेढे घालतायत. ती खाली बुडी मारते, हाताला निळं लागतं, ती खुरपं खुपसते, बोटं घालून ओढते, दातओठ खाऊन ओढते...

फाटल्याचा आवाज. का विजेचा?

कुंदा दिवाणावर उठून बसलीय. बाहेर पाऊस असा कोसळतोय की समोरची इमारत दिसत नाही. गच्चीचे पाइप घोंघावतायत. चादर कोरडी आहे, पाय कोरडे आहेत. उजवी मूठ तेवढी घट्ट मिटलेली. ती एकेक बोट सोडवते.

आत ताडपत्रीचा निळा तुकडा. कडा चिखलाने भरलेल्या, आणि वाळ्याचा वास.

तुकडा तळहाताएवढाच. बाकीची अख्खी ताडपत्री खाली तशीच ताणलेली. आणि इराला पाळणाघरातून आणायला अजून अवकाश आहे.

तेवढ्यात खालून, त्या कोपऱ्यातून, आवाज येतो. फार दिवसांनी घशाखाली घोट उतरावा तसा. एकच घोट. पुन्हा सगळं तुंबतं.

बाल्कनीतल्या खिळ्यावरचं वन्संचं खुरपं ओढून घेत, चपला न घालताच कुंदा जिन्याकडे धावते.

"धरून ठेवा हो वन्सं," ती ओरडते, "आलेच मी!"