कोरड्या मैदानावरचा वॉटरपोलो

कोरड्या जमिनीवर पोरांना बुडवून दाखवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि ते म्हणजे आमच्या छावणी भागातल्या शाळेचे खेळाचे सर. शालेय खेळांच्या यादीत वॉटरपोलो हे नाव वाचलं आणि सरांनी तो शिकवायचंच ठरवलं. शाळेत तलाव सोडाच, पिण्याच्या पाण्याची टाकीसुद्धा दुपारपर्यंत तळ गाठायची. सरांनी मैदानावर फक्कीनं लांबट चौकोन आखला, दोन्ही टोकांना बाकं आडवी करून गोल केले आणि सातवीचा वर्ग ‘पाण्यात’ उतरवला. या खेळात पाय तळाला टेकवायचे नसतात, म्हणून पोरांनी पाय सतत नाचवत ठेवायचे आणि चेंडू एकाच हातानं धरायचा. कुणी दम खायला थांबलं की शिट्टी! “बुडालास! हो बाहेर!” रोज सात-आठ जण तरी बुडायचे आणि लिंबाच्या सावलीला जाऊन गप्पा मारत बसायचे.

मी मराठी शिकवायचे आणि माझा वर्ग नेमका मैदानाला लागून. त्या शिट्टीपायी माझ्या कवितेच्या तासाचं रोज मातेरं व्हायचं. मी तणतणत भांडायला गेले की सर शांतपणे म्हणायचे, “मॅडम, तुमची पोरंबी पाठवा की इकडं. पळता पळता म्हणली की कविता लई पाठ होती.” गणिताचे शिक्षक रजेवर असले, तर कोन शिकवायला सर वर्गात चेंडू घेऊन जायचे. त्यात दोन ट्यूबलाइटी फुटल्या, पण काटकोन कुणी विसरलं नाही, हे मला झक मारत मान्य करावं लागतं. आमच्या शहरात नळाला आठवड्यातून कधीतरी पाणी येतं, आणि ज्या गल्लीत पाणी, त्या गल्लीतली पोरं हमखास घरी हंडे भरायला. असा एकदा निम्मा संघ गैरहजर राहिला, तेव्हा सरांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आज पाणी आल्यामुळे वॉटरपोलोचा तास होणार नाही.’ मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं आणि आत निघून गेले.

सर निवृत्त व्हायचे होते, त्या वर्षी मात्र त्यांची चेष्टा करणं मला जमेना. जायच्या आधी पोरं एकदा तरी खऱ्या पाण्यात खेळली पाहिजेत, हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. मुख्याध्यापक जबाबदारी घ्यायला तयार नव्हते. मग सर घरोघर फिरले. एका पोराचे वडील कामाला बिडकीनला, तर तिथंही जाऊन सही घेऊन आले. शेवटी ‘मॅडम सोबत असतील तर जा,’ एवढ्यावर परवानगी मिळाली. निवृत्तीला चार दिवस उरले असताना, एका रविवारी सकाळी, आम्ही तासाभरासाठी पोहण्याच्या तलावावर पोचलो.

उथळ बाजूला, जीवरक्षकांच्या देखत पोरं उतरली. खेळ अगदी भिकार झाला. चेंडू हातात आला की तो फेकण्यापेक्षा पाणी उडवायचीच ज्याला त्याला घाई. सर पँट दुमडून काठावर उभे होते आणि एकदाही कुणाला ओरडले नाहीत. मी म्हटलं, “सर, तुम्हीपण उतरा की!”

“मला कुठं पोहता येतंय, मॅडम?” पाण्याकडेच बघत ते म्हणाले. “आमच्या वैजापूरकडच्या विहिरीत पोहण्याइतकं पाणी मी लहानपणी कधी बघितलंच नाय. मी समदं पुस्तकात वाचून शिकवलं.”

या माणसाला मी इतकी वर्षं नुसती हसत आले होते, याची मला फार लाज वाटली. संघाची गोलकीपर सायरा काठाशीच होती, तिनं हे ऐकलं. “सर, आओ ना,” तिनं हात पुढे केला. “डरो मत, इधर पाँव टिकते. मैं पकडती.”

सर कपड्यांसकट पायऱ्या उतरले. कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर त्यांनी कठडा सोडला. दोन्ही बाजूंनी पोरांनी त्यांचे हात धरले होते आणि सगळा संघ एकाच वेळी त्यांना सूचना देत होता. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “मॅडम, टाइम किती राहिला?”

भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच होतं. सात मिनिटं उरली होती.

“पुष्कळ आहे, सर,” मी म्हटलं. “खेळा तुम्ही.”