नायडेन अन् आमचे उकंडाआबा

दोस्तहो, डोक्याचा पार भुगा झाला.

ताईचं लेकरू दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. पहिलं जगलं नाही, म्हून आबा म्हणते, याचं नाव उकंडा ठेवा. आधीचं भावंड गेल्यावर, मरणाची नजर लागू नये म्हून आबायलेही उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, तेच त्यायचं नाव. मी चिडलो, "असं कुठं असते का?"

आज बोंडअळी पाहायले मॅसेडोनियाचा एक शास्त्रज्ञ आमच्या नेरच्या वावरात आलता. नाव नायडेन. अर्थ इचारला.

"सापडलेला," तो म्हणे. "आधीचा भाऊ वारला, म्हून मले रस्त्यावर ठेवलं. वाटसरूनं उचलून आईले देल्लं."

मी आबायले मराठीत सांगितलं. आबायनं एवढंच इचारलं, "वय काय याचं?"

"साठीच्या वर."

आबा म्हणे, "पाह्य, जगला नं!"

आता ताईचा फोन येऊन राह्यला. नावाचं काय सांगू?