शोकेसमधली कोथिंबीर

फोटोवाले, तुमच्यावर लिहू का असं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "लिहा, पण माझी चांगली बाजू घ्या." तुमची चांगली बाजू कुठली, हे तुमच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "पाठमोरी." तेव्हा आता गप्प बसा आणि मला सांगू द्या.

तर या फोटोवाल्यांचा उभा जन्म डार्करूममध्ये गेला. लाल दिव्याखाली रसायनांच्या ट्रेवर वाकून कागदावर उमटणारे चेहरे बघायचे, हे त्यांचं काम. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि डार्करूमला कुलूप लागलं. दुकानात उरले पासपोर्टचे फोटो, आणि शोकेसमध्ये हसणारी बाळं, जी एव्हाना स्वतःच आईबाप झाली आहेत.

प्रिंटवरचे डाग ब्रशने झाकायचं काम बायको करायची. गेल्या वर्षी ती लांबलेल्या तापातून उठली खरी, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली. ताटाशी बसायची, घासभर चिवडायची आणि उठायची. कपडे अंगावर टांगल्यासारखे दिसायला लागले. चेहरे बघण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला तिच्या गालांचे खड्डे बघवेनात.

अशात लेकीने फोनवरून काहीतरी वाचून दाखवलं. धण्यांना दोन पानांचे कोवळे कोंब फुटतात ना, तशा कोंबांमध्ये काही जीवनसत्त्वं वाढलेल्या पानांपेक्षा जास्त असू शकतात, म्हणे. ही मोजमापं प्रयोगशाळेतली आहेत, माणसांवरचे अभ्यास अजून थोडेच आहेत, हेही पोरीने वाचलं. पण तोवर फोटोवाले चपला अडकवून जिन्यात पोचले होते.

धणे आले. लाटण्याखाली रगडून ते दुभंगले, भिजले, ओल्या कापडावर पसरले गेले. कुठे, तर डार्करूममध्ये. कुलूप निघालं, लाल दिवा लागला, 'आत येऊ नये' ही पाटी पुन्हा दारावर चढली. कोंब वर आले की त्यांना उजेड लागतो, असं लेकीने बजावलं. त्यावर, पूर्ण उमटेपर्यंत दार उघडायचं नसतं हे तुला पाळण्यात असल्यापासून सांगतोय, असं तिलाच ऐकवण्यात आलं.

कोंब चांगलेच लांब झाले. फोटोवाल्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. कात्रीने कापून, बशीत मांडून ते बायकोपुढे हजर झाले. तिने एक कोंब उचलला आणि पूर्वी प्रिंट धरायची तसा खिडकीकडे धरला. लांबुडका, पिवळट, मान टाकलेला.

"याला उजेडच मिळालेला नाही," ती म्हणाली. "कशात लावलेत?"

"आपल्याच ट्रेमध्ये. घासून लख्ख केला होता."

"कुठला ट्रे?"

फोटोवाल्यांनी बशी हळूच मागे ओढली. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या द्रावणाचा ट्रे. वर्षानुवर्षं ज्यात रसायन मुरलं होतं, तो.

"तापातून वाचले ते बघवत नाही का हो तुम्हाला?" असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. बशी कचऱ्यात गेली. पण कितीतरी महिन्यांनी बायको हसली म्हणून हा गृहस्थ कोंब वाया गेल्याचं दुःख करायचंच विसरला.

दुसऱ्या खेपेला स्टीलच्या नव्या परातीत धणे पडले. कोंब वर येताच शोकेसमधली बाळं खाली उतरली आणि परात काचेमागे, भर उन्हात जाऊन बसली. रोज सकाळी परात फिरवायची, म्हणजे कोंब एकाच बाजूला झुकत नाहीत. समोरचा टेलर विचारून गेला, यांचेही पासपोर्ट काढायचेत का. हिरवंगार गवतासारखं रान माजलं.

या खेपेला फोटोवाले शहाणपणाने आधी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी स्पष्ट सांगितलं: हे अन्न आहे, औषध नव्हे, गोळ्या चालूच राहतील. ओल्या बियांवर जंतू वाढतात आणि अशक्त माणसाला ते बाधतात, म्हणून मुळाच्या वरून कापा, नीट धुवा आणि सूपमध्ये उकळून द्या. वजन वाढेल का, यावर त्या म्हणाल्या, "पानांनी नाही वाढायचं. पण त्या वासाने चार घास जास्त गेले तर वाढेल."

सूपची वाटी समोर आली. बायकोने वाफेवर नाक धरलं, पुन्हा धरलं. मग चमचाभर घेऊन म्हणाली, "मीठ कमी आहे."

कितीतरी दिवसांनी जेवणाबद्दल तक्रार! फोटोवाले मिठाची बरणी घेऊन धावतच आले. वाटी संपली, वर तिने पाव मागितला. त्या दिवशी त्यांनी टेलरला सांगितलं, लाँड्रीवालीला सांगितलं, आणि पासपोर्टच्या फोटोला आलेल्या एका अनोळखी माणसाला इतकं हसवलं, की त्याचा फोटो बाद होऊन पुन्हा काढावा लागला.

आता गाल भरताहेत. हे कोंबांमुळे, गोळ्यांमुळे की नुसत्या भुकेमुळे, हे डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे सांगत नाहीत. फोटोवाल्यांना मात्र आकडा हवाय. माझ्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत थोडे कोंब देऊन त्यातली जीवनसत्त्वं मोजून आणा, असं त्यांनी मला गळ घालून सांगितलं आणि मी कबूल केलं. दर खेपेला ते डबा भरून माझ्यासाठी स्वयंपाकघरात ठेवतात. मी न्यायला जाते, तर डबा रिकामा आणि सूपची वाटी भरलेली.

"कॉलेजला सांगा, पुढच्या वेळी," त्यांची बायको चमचा न थांबवता म्हणते. मी अजून कॉलेजला गेलेली नाही.