आजीची खणखणीत प्रार्थना

आजीचा देवावर फार विश्वास. पण त्याला जरा कमी ऐकू येतं, अशी तिची खात्री असावी. रोज सकाळी ती डोळे मिटून इतक्या मोठ्याने प्रार्थना करायची की देवाआधी सगळं घर ऐकायचं. "देवा, सूनबाईला मिठाचा अंदाज दे. मुलाची जीभ आवर." उलटून बोलायची सोयच नव्हती, कारण ती घरात कुणाला काही म्हणतच नव्हती.

नातीने एकदा तिच्या कानात सांगितलं, की तिला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका मुलाशी लग्न करायचंय, पण बाबांची भीती वाटते. "कुणाला सांगू नकोस हं, आजी."

"मी कशाला सांगतेय कुणाला?"

दुसऱ्या दिवशी आजीने हात जोडले. "देवा, नातीने घड्याळवाला पसंत केलाय. तिच्या बापाला अजून पत्ता नाही. त्याला धीर दे."

पलीकडे दाढी करणाऱ्या बाबांच्या हनुवटीला ब्लेड लागलं. ते तोंडाला फेस तसाच ठेवून तरातरा आले. पण आईची प्रार्थना मध्येच तोडायची त्यांची छाती कधी झाली नव्हती. शेवटी कधी नव्हे ते हात जोडून तेही शेजारी उभे राहिले आणि दातओठ खात म्हणाले, "देवा, त्या मुलाला रविवारी घरी यायला सांग."

आजीने डोळेही उघडले नाहीत. "आणि देवा, त्या दिवशी याला हसरा चेहरा दे."

पुढे आजी गेली तेव्हा भेटायला आलेल्या शेजारणी म्हणाल्या, "स्वतःसाठी देवाकडे कधी काही मागितलं नाही हो!" नातीने डोळे पुसत मान हलवली, आणि हसू दाबणाऱ्या घड्याळवाल्या नवऱ्याला चहा आणायला आत पिटाळलं.