मेजरांनी वाचवलेल्या विहिरी

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी मेजर उजवा हात वर करायचे. वर्ग गप करायला गुरुजी करतात तसा. मग म्हणायचे, "गप. पंखा बंद करा. टीव्ही बंद करा. गॅसवर कुकर आसंल तर उतरा. ते काय म्हनतंय ते ऐकू तरी द्या."

घर गप झालं की ते बटण दाबायचे, डोळे मिटायचे आणि मान जराशी तिरकी करून ऐकायचे. बाकीच्यांना नुसती घरघर ऐकू यायची. मेजरांना त्यात पंख्याचा आवाज वेगळा, डिस्कचा वेगळा आणि न आलेला आवाज त्याहून वेगळा कळायचा.

आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, मग तो शिपाई म्हणून आलेला असो नाहीतर सुभेदार म्हणून. तुमच्याही गावात असा एखादा मेजर असेलच. आमचे मेजर सिग्नलमध्ये वायरलेसवर होते. ते स्वतःच सांगायचे, "सरकारनं हवालदार म्हनून घरी धाडलं, गावानं मेजर केलं. गावाचं प्रमोशन लय सोपं." आष्ट्यात घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. खोलीला पाटी नव्हती. "पाटी लावली की दुकान हुतंय," म्हणायचे. "दुकान झालं की घाई."

बंद पडलेला कॉम्प्युटर त्यांच्याकडे नेलेला त्यांना आवडायचा नाही. ते स्वतः लुनावरून घरी यायचे. मशीन कुठं ठेवलंय, प्लग सैल आहे का, शेजारी पिठाचा डबा आहे का, हे त्यांना जागेवरच बघायचं असायचं. मग स्टुलावर बसून विचारायचे, "शेवटचं कवा नीट चाललं? तवापासून घरात काय काय झालं? लाजू नका, मी कुनाला सांगत न्हाई."

एका मुख्याध्यापकांकडे ते असेच गेले होते. सरांनी चार दिवस मशीन बंद म्हणून सगळ्या शाळेला सुनावलं होतं. मेजरांनी बघितलं, तर नुसता पडद्याचा स्विच बंद. पण त्यांनी लगेच तो लावला नाही. मशीन उघडलं, आतली धूळ ब्रशनं काढली, चहा घेतला, सरांच्या मुलाची चौकशी केली आणि निघता निघता सहज हात गेल्यासारखं बोट स्विचवर ठेवलं. ही गोष्ट मला सरांनीच सांगितली, नंतर, रिटायर झाल्यावर. मेजरांकडून ती कधीच बाहेर आली नसती.

आणखी एक सवय. मशीन चालू होऊन पडद्यावर फायली दिसायला लागल्या की मेजर खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. "तुमचं तुमी बगा. समदं हाय का सांगा." पुढे कित्येक दुकानांत मी माणसं पाहिली, आपले फोटो आपल्यासमोर उघडून बघणारी. भिंतीकडे वळलेली ती पाठ मला दुसरीकडे कुठं दिसली नाही.

आमच्या घरी ते आले त्याला आता बारा वर्षं होतील. मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, भूगोल घेऊन. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. माझे वडील, अण्णा, दूधसंघाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. संघाच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर त्यांनी माझ्यासाठी मागून घेतला आणि गोधडीत गुंडाळून टेम्पोतून घरी आणला. उतरवताना मागच्या माणसाला म्हणाले, "बेतानं. बाळंतीन हाय असं समज."

माझा प्रबंध वाळवा तालुक्यातल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरींवर होता. वर्षभर एसटीनं आणि पायी फिरून मी बेचाळीस विहिरी पाहिल्या होत्या. प्रत्येक विहिरीची खोली, पायऱ्या, पाणी, वापरात आहे का, फोटो, नकाशा. सगळं त्या मशीनमध्ये. पेनड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवायची असते हे मी ऐकलं होतं, केलं नव्हतं. जमा करायला दहा दिवस उरले होते.

खंडेनवमीला आई घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करते. विळा, खुरपं, कोयता, अण्णांच्या टेम्पोची चावी. त्या वर्षी तिनं कॉम्प्युटरचीही केली. मी मैत्रिणीकडे गेले होते. परत आले तर मशीनच्या कपाळावर हळदकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडूची माळ. मला हसू आलं. मी माळ काढली, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा आणि मी मशीन सांगलीला एका दुकानात घेऊन गेलो. तिथल्या माणसानं न उघडताच सांगितलं, डिस्क गेली असणार, फॉरमॅट मारून देतो, आतलं काही राहणार नाही. मी "नको" म्हटलं आणि मशीन परत आणलं. घरी आल्यावर नीट पाहिलं, तर वरच्या जाळीवर अक्षता अडकलेल्या आणि नारळाच्या पाण्याचा ओघळ वाळलेला.

"तू यावर नारळ फोडलास?"

"यावर न्हाई गं. म्होरं फोडला. पानी तेवढं शिंपडलं. देवाचं पानी..."

पुढं मी जे बोलले ते इथं लिहायलाच हवं, नाहीतर मेजर कळणार नाहीत. मी म्हणाले, "मी कितीही शिकले तरी तुम्ही अडाणी ते अडाणीच राहणार."

आई उठून गोठ्यात गेली. त्या दिवशी तिनं भाकरी केली, सगळ्यांना वाढली, स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कॉम्प्युटर होता त्या खोलीत ती झाडायलासुद्धा येईना. अण्णा एवढंच म्हणाले, "आष्ट्याच्या मेजरला आनतो."

मेजर आले. हात वर केला. पंखा बंद झाला. बटण दाबून ऐकलं आणि म्हणाले, "डिस्क फिरती हाय. तुमचं आत हाय सगळं, भिऊ नका. फकस्त ह्याला त्वांड न्हाई." मग शर्टाच्या खिशातून सुपारीएवढा काळा भोंगा काढला, दोन वायरींचा, आणि मशीन उघडून आत बसवला. पुन्हा बटण दाबलं. या वेळी मशीन ओरडलं. लांब, एकसारखं, थांबून थांबून. पी... पी... पी...

"हे बगा, बोललं," मेजर खूश झाले. "रॅम सापडंना म्हनतंय. आयुष्यभर फौजेत टकटक ऐकली, ह्याची भाषा लय सोपी हाय."

त्यांनी प्लग काढला आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. तांदळाचे दाणे, कुंकवाचा वाळलेला लेप, झेंडूची एक पाकळी. मी मान खाली घातली. आई दाराआड उभी होती, हे मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं.

"पूजा कुनी केली?"

बांगड्या वाजल्या. मग दारातून बारीक आवाज आला. "मी केली."

"आत या वैनी."

"न्हाई आवं. माजा हात लागला म्हनूनच तर..."

"या तर खरं."

आई उंबऱ्यापर्यंत आली. मेजर म्हणाले, "बरं केलं. आमीबी पलटनीत दसऱ्याला समद्या हत्याराची पूजा करायचो. वायरलेस सेटचीसुदा. पन एक कायदा हुता. हत्यार आधी खाली करायचं, म्हंजी गोळ्या काढायच्या, पूजा करायची, आन् मग पुसून ठिवायचं. हे ज्याला ठावं त्यानं नव्या जवानाला सांगायचं. जवान चुकला तर सायबाम्होरं सांगनाऱ्याची पेशी."

मग ते माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "पोरी, ह्या घरात ह्या हत्याराचं ठावं कुनाला हुतं?"

"मला."

"मग पेशी कुनाची?"

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. आतली रॅमची हिरवी पट्टी अलगद काढली आणि मला म्हणाले, "खोडरबर आन, पांढरा. शाळंतला." मी आणला. मला वाटलं ते स्वतः घासतील. त्यांनी पट्टी आणि खोडरबर आईपुढे धरला.

"ह्या सोनेरी कडा दिसत्यात न्हवं? त्येच्यावर कुंकू बसलंय. हळू घासा. भांडं घासता तसं न्हाई, बाळाचं त्वांड पुसता तसं."

"मी? आवं मेजर, चेष्टा करता व्हय गरिबाची? मला न्हाई जमायचं. पुन्ना काय झालं तर ही..." आईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"हिला मी बगतो. तुमी घासा."

तरी आई हात पुढं करेना. मेजरांनी पट्टी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की ते माझी वाट बघताहेत. मी म्हणाले, "आई, घास की. तुझा हात हलका आहे."

आई कधी शाळेत गेली नाही. खोडरबर तिनं बाजारातून माझ्यासाठी आणला असेल, हातात धरून वापरला नव्हता. खाली बसून, जीभ दातात धरून, ती त्या पट्टीच्या कडा घासू लागली. लाल भुगा पदरावर पडत होता. मेजर मधूनमधून "शाब्बास" म्हणत होते, तेवढंच. मग त्यांनी उरलेलं आत पुसून काढलं, पट्टी कुठं बसते ते दाखवलं आणि आईच्याच अंगठ्यानं ती दाबायला लावली. दोन्ही बाजूंनी कट् कट् असं वाजलं. आई दचकून मागं सरली.

"मोडलं?"

"बसलं. आता बटन दाबा."

आईनं बोट लावलं आणि डोळे मिटून घेतले. एकच बारीक आवाज आला. पी. पडदा निळा झाला, मग उजळला.

मेजर खुर्ची फिरवून भिंतीकडे बसले. "बग पोरी, समदं हाय का."

सगळं होतं. बेचाळीसच्या बेचाळीस. मी मागं वळले, तर आई पदरानं तोंड झाकून रडत होती आणि अण्णा तिला म्हणत होते, "आता रडाय काय झालं? चालू केलंस की मशीन!" त्या दिवशी मी आईच्या पाया पडले की नाही, नीट आठवत नाही. एवढं आठवतं की तिचं ताट मी वाढलं आणि ती जेवून उठेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले.

मेजर निघताना पहिल्यांदाच आमच्या फायलींबद्दल बोलले. "त्यात एवढं काय हुतं गं?"

"विहिरी," मी म्हणाले.

"विहिरी?" ते हसले. "मर्दा, मला वाटलं परीक्षेचं काय आसंल. छापलं की मला एक दे. जल्मभर लोकांचं वाचवलं, बघितलं कुनाचंच न्हाई."

प्रबंध वेळेत जमा झाला. एक प्रत मी पेढ्यांबरोबर मेजरांना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि चष्मा पुसला. पुढं मला साताऱ्याच्या कॉलेजात नोकरी लागली. सुट्टीत गावी आले की आष्ट्याला त्यांच्याकडे जायचे. ते मशीनबद्दल बोलायचे, आईची खबर विचारायचे. प्रबंधाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. वाचला नसेल, असं मी धरून चालले. दीडशे पानं, तक्ते आणि नकाशे. कोण वाचतं?

गेल्या उन्हाळ्यात मेजर गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी, मेजरांच्या बायकोनं, आतून ती प्रत आणून दिली. कव्हर फाटलं होतं, ते वायरच्या काळ्या टेपनं चिकटवलं होतं.

"हे तुमचं ऱ्हायलंय," काकू म्हणाल्या. "दर ऐतवारी लुना काढायचे. मी म्हनायची, म्हातारपनी कुठं हिंडता? तर म्हनायचे, पोरीनं रिपोर्ट दिलाय, बिनतपासता कसा ठिवू?"

मी पान उघडलं. पहिल्या विहिरीच्या तक्त्याशेजारी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: "बघितली. पाणी चार हात. पोरं पवतात." दुसऱ्या पानावर: "बघितली. बुजवली हाय. वर शेड." पुढं कुठं: "मोटार बसवली. पायऱ्या शाबूत." एका पानावर माझ्या एकतीस पायऱ्यांवर काट मारून बत्तीस केलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात: "एक पायरी पाण्यात हाय. पोरीची चूक न्हाई, तवा पाणी जास्त आसंल."

अशी पानं उलटत गेले. सदतीस विहिरींच्या समासात पेन्सिल होती. शेवटी शेवटी अक्षर हललेलं होतं. नंतरच्या पाच पानांचे समास कोरे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला घेऊन त्या पाचांतल्या पहिल्या विहिरीवर गेले. प्रत तिच्या पिशवीत होती, पेन्सिल माझ्याकडे. वरच्या कठड्यापासून दोघीही पायऱ्या मोजत खाली उतरलो. माझ्या चोवीस झाल्या. आई पाण्याशी थांबली, पायानं चाचपलं, आणि म्हणाली, "पंचवीस."

मी लिहायला पेन्सिल काढली. आई म्हणाली, "थांब. असं कसं लिवतीस? पुन्ना मोजू."

आम्ही परत वर चढलो.