तीन नंबरच्या प्रेसची ढाल

नागसेन सरवद्यांनी भोसरीच्या वर्कशॉपांत सव्वीस वर्षं प्रेस मशीनवर काढली आणि त्यांची दहाही बोटं शाबूत होती. त्या कामात ही सांगण्यासारखी गोष्ट असते. त्यांचे वडीलही प्रेसवरच होते. वडिलांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती, आणि लहानपणी नागसेनना सगळ्यांच्या वडिलांचा हात असाच असतो असं वाटायचं.

चाकणच्या एका कंपनीत ते लाइन इनचार्ज झाले, तेव्हा कामावर नवीन आलेल्यांना ते आधी मशीनपुढची जाळी दाखवत. सगळे तिला शिल्ड म्हणत. नागसेन म्हणत, "ही आपली ढाल. ही खाली आल्याशिवाय प्रेस पडत नाही. प्रेसला पत्रा काय आणि हात काय, सारखंच."

कंपनीत त्या वर्षी दुसऱ्याच शिल्डची चर्चा होती. कारखानदारांच्या एका संघटनेनं हजार दिवस अपघात न झालेल्या कंपनीला बक्षीस म्हणून फिरती ढाल ठेवली होती. गेटवरच्या फळ्यावर बिनअपघाताच्या दिवसांचा आकडा रोज वाढायचा. नऊशे सत्तरच्या सुमारास मोठी ऑर्डर आली आणि प्लँट मॅनेजर रविराज साहेब लाइनवर आले.

"सरवदे, तीन नंबरची शिल्ड काढा. प्रत्येक ठोक्याला तीन सेकंद जातायत."

"साहेब, तेवढं लेखी द्या."

"लेखी कशाला? मी सांगतोय ना?"

बावन्नाव्या वर्षी दुसरी कंपनी दारात उभं करणार नाही, हे नागसेनना माहीत होतं. जाळीचे चार बोल्ट त्यांनी स्वतःच्या हातानं खोलले, जाळीशिवाय प्रेस पडावी म्हणून स्विचची वायर थेट जोडून टाकली आणि मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये तशी नोंद करून सही केली.

अठराव्या दिवशी त्याच प्रेसखाली अपेक्षाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती परभणीकडची, बावीस वर्षांची, ठेकेदाराच्या पटावरची. मशीन बंद करून नागसेननी आपल्या रुमालानं तिचा हात बांधला. अॅम्ब्युलन्स बोलावली नाही. साहेबांच्या गाडीतून तिला लांबच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी गेटवर आकडा एकानं वाढला होता.

"तिला तुम्हीच समजवा," साहेब म्हणाले. "तुम्हाला काका म्हणते. खोलीच्या लोखंडी दारात हात सापडला, एवढंच लिहून द्यायचं. बरी झाली की ऑफिसात बसवू."

नागसेन गेले. कॉटवर बसलेल्या पोरीला त्यांनी कागद वाचून दाखवला. तिनं विचारलं, "काका, तुमची मुलगी असती तर तिला सही कर म्हणला असता?"

ते म्हणाले, "हो." तिनं डाव्या हातानं सही केली.

हजार दिवस भरले. चिंचवडच्या सभागृहात ढाल घ्यायला साहेबांनी नागसेनना पुढे केलं. "कामगारानं घेतलेली बरी दिसते." पितळेची जड ढाल होती. फोटो निघाले. टाळ्या चालू असतानाच नागसेन खाली उतरले आणि जेवण न करताच घरी आले. बायकोला, स्वरूपाला, त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे आजवर पोटात ठेवलंत?" आणि उठून आत गेली.

सकाळी ते कारखाना निरीक्षकाच्या ऑफिसात गेले आणि शिल्ड काढल्याचं सांगितलं.

"शिल्ड काढली म्हणजे? बक्षीस परत घेतलं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"नाही साहेब. बक्षीस दिलं. काढली ती मशीनची."

चौकशी झाली. कंपनीनं रजिस्टर पुढे ठेवलं. जाळी कोणी काढली? सरवद्यांनी. कोणाच्या सांगण्यावरून? त्याची कुठं नोंद नाही. अपघात झालाच कुठं? पोरीनंच लिहून दिलंय, दारात हात सापडला. रविराज साहेबांनी डोळ्याला डोळा न देता सांगितलं, "आम्ही सेफ्टीच्या बाबतीत यांच्यावरच विसंबून होतो." इतकी वर्षं ढाल या शब्दाचा अर्थ लोकांना समजावणाऱ्या माणसाला तो अर्थ तेव्हा नीट कळला. पंधरा दिवसांत त्यांना काढून टाकलं. कंपनीवर ठपका आला नाही.

आता ते मारुंजीच्या एका सोसायटीत वॉचमन आहेत. ऑफिसातली जागा अपेक्षाला कधीच मिळाली नाही. तिनं वकील गाठून कंपनीवर केस केली, तेव्हा नागसेन आपणहून साक्षीला गेले. बोल्ट मी खोलले, खोट्या कागदावर सहीही मीच घेतली, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढची तारीख पडली.

कोर्टाबाहेर जिन्यापाशी ते तिला म्हणाले, "पोरी, माझ्याकडून चुकलं."

"चुकलं न्हाई, काका," अपेक्षा म्हणाली. "चुकतं ते न कळून. तुम्हाला सगळं कळत होतं."

फाइल काखेत धरून ती जिना उतरली. नागसेन कठड्याला धरून उभे राहिले. तिच्या मागं जायचं धाडस त्यांचं झालं नाही.